थांबलेला श्वास आणि मिटलेला घसा : खानदेशातून पाहिलेला एक इतिहास

खानदेशातील जुनी घरे बहुतांशी धाब्याची, म्हणजे लाकडी कड्यांवर मातीचा जाड थर देऊन केलेल्या सपाट छपराची असत, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या मुलखात रात्री सगळे कुटुंब धाब्यावर किंवा अंगणात अंथरुणे टाकून झोपत असे. पाचोरा, भडगाव, चाळीसगाव या गिरणेच्या खोऱ्यातील तालुक्यांत ही रीत विसाव्या शतकातही दीर्घकाळ टिकून होती. तिचा एक परिणाम असा, की झोपेतला श्वास ही तेव्हा चार भिंतींआडची गोष्ट नव्हती. कोणाचे घोरणे किती मोठे, ते कोणत्या कुशीवर थांबते आणि कोणत्या कुशीवर सुरू होते, हे शेजारच्या धाब्यालाही ठाऊक असे. घोरणे हे कष्टाच्या माणसाच्या गाढ झोपेचे लक्षण मानले जाई आणि त्यावरून थट्टा होई, पण काळजी सहसा होत नसे.

अशा उघड्या झोपेत कान देऊन ऐकणाऱ्याला श्वासाचे दोन वेगवेगळे खंड पडताना जाणवू शकतात. पहिल्यात घोरणे चढत जाते, एकाएकी तुटते, छाती आणि पोट वरखाली होत राहतात पण नाकातोंडातून हवा जात नाही, आणि काही क्षणांनी माणूस घुसमटून, मोठा आवाज करून पुन्हा श्वास घेऊ लागतो. दुसऱ्यात घोरणे असेलच असे नाही. श्वास उथळ होत होत विरून जातो, छातीची हालचालही थांबते, आणि थोड्या वेळाने तो हळूहळू चढत पूर्ववत होतो. पहिला प्रकार ऐकणाऱ्याला दचकवतो, तर दुसऱ्याकडे लक्षच जात नाही, कारण शांत झोपलेल्या माणसाला कोणी उठवत नाही. वैद्यकात पहिल्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, म्हणजे घशातील अडथळ्यामुळे झोपेत श्वास थांबणे, आणि दुसऱ्याला सेंट्रल स्लीप ॲप्निया, म्हणजे श्वास घेण्याची आज्ञाच मेंदूकडून न निघाल्यामुळे तो थांबणे, अशी नावे आहेत. प्रौढ माणसात किमान १० सेकंदांचा खंड पडला तर तो ॲप्निया म्हणून मोजतात. हे दोन विकार परस्परांना परके आहेत, एक घशाचा आणि दुसरा मेंदूचा, ही समजूत फार जुनी असून ती मोडायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. ती कशी घडली आणि कशी मोडली हे पाहताना खानदेशचा, विशेषतः पाचोऱ्याच्याच जिल्ह्यातील अमळनेरचा, एक धागा मध्येच हाती लागतो, आणि तो सहसा कोणी या गोष्टीशी जोडून पाहत नाही.

विभागणीचे मूळ प्राचीन ग्रंथांतही दिसते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उचकी आणि दमा यांवरील जो अध्याय आहे, त्यात श्वासाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार सांगितले असून, त्यांतील छिन्नश्वास हा तुटत तुटत चालणारा, मध्येच थांबणारा श्वास होय. तो असाध्य मानला आहे, म्हणजे ज्याच्या ठिकाणी तो दिसेल त्याच्या जगण्याची आशा वैद्याने धरू नये असा अभिप्राय आहे. दुसरीकडे सुश्रुतसंहितेत अतिस्थूल माणसाची लक्षणे देताना धाप, तहान, भूक, अतिनिद्रा यांच्या ओळीत क्रथन हे लक्षण येते, आणि त्याचा अर्थ काही भाषांतरकार घोरणे असा तर काही श्वास अचानक अडणे असा करतात. या प्राचीन वर्णनांना आधुनिक रोगांची नावे जशीच्या तशी चिकटवणे योग्य नाही, कारण त्या ग्रंथांची शरीरकल्पना निराळी आहे. तरीही स्थूल माणसाच्या झोपेत अडणारा श्वास एका प्रकरणात आणि मरणाच्या वाटेवरील माणसाचा तुटणारा श्वास दुसऱ्या प्रकरणात असावा, आणि दोहोंचा संबंध कोणी जोडू नये, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

युरोपातही नेमकी हीच फारकत झाली. डब्लिनचे वैद्य जॉन चेन यांनी १८१८ मध्ये एका साठ वर्षांच्या हृदयरोग्याचे वर्णन प्रसिद्ध केले, ज्याचा श्वास पाव मिनिटभर पूर्ण थांबे, मग मंदपणे सुरू होऊन पायरीपायरीने वाढे आणि पुन्हा विरत जाई. त्याच शहरातील विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मधील आपल्या हृदयरोगावरील ग्रंथात हा प्रकार पुन्हा नोंदवला, आणि चेन-स्टोक्स श्वसन हे नाव रूढ झाले. याच काळात, १८३६-३७ मध्ये, चार्ल्स डिकन्स यांच्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ मुलगा येतो, जो उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो, आणि त्याच्यावरून १९५६ मध्ये अमेरिकेतील बरवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिस्थूल, सतत पेंगणाऱ्या रुग्णांच्या विकाराला पिकविकचे नाव दिले. अशा रीतीने तुटणारा श्वास हृदयरोगाच्या ग्रंथात गेला आणि अडणारा श्वास लठ्ठपणाच्या.

श्वास कशावर चालतो, या प्रश्नाला पहिले पक्के उत्तर ऑक्सफर्डला मिळाले. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये दाखवले, की माणसाचा श्वास वाढवण्या-घटवण्याचे काम सामान्य परिस्थितीत प्राणवायूपेक्षा रक्तातील कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, करतो. तो थोडा वाढला की श्वास वाढतो आणि थोडा घटला की श्वास मंदावतो. त्यानंतर १९०९ मध्ये डग्लस आणि हॉल्डेन यांनी जोरजोराने खोल श्वसन करून कर्बवायू मुद्दाम बाहेर टाकला असता आधी श्वास पूर्ण थांबतो आणि मग काही काळ चेन-स्टोक्ससारख्या लाटांनी चालतो, हे निरोगी माणसांवर सिद्ध केले. म्हणजे ज्या खंडाला मृत्यूची चाहूल समजले जात होते, तो धडधाकट माणसातही निव्वळ कर्बवायू घटवून निर्माण करता येत होता. या प्रयोगाचे मोल त्या वेळी पूर्ण कळले नाही, कारण तो जागेपणी झाला होता आणि झोपेचा विचार तेव्हा कोणाच्याच मनात नव्हता.

अमळनेरचा धागा इथून सुरू होतो. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाल्यावर पाचोरा आणि अमळनेर हे दोन्ही तालुके जळगाव मुख्यालय असलेल्या पूर्व खानदेशात आले. अमळनेर हे त्या काळी खानदेशच्या बौद्धिक जीवनाचे केंद्र होते. उद्योगपती प्रतापशेठ यांच्या औदार्यातून तेथे १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, जेथे पुढे साने गुरुजीही अभ्यासासाठी आले, आणि खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या संस्थांतून एक पिढी घडत होती. या सोसायटीत १९१६ च्या सुमारास जगन्नाथ गणेश गुणे नावाचे एक संस्कृतज्ञ शिक्षक दाखल झाले आणि पुढे तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांचा जन्म १८८३ मध्ये गुजरातेतील डभोई येथे झाला होता, बडोद्यात शिक्षण झाले होते आणि तेथेच प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात त्यांनी शारीरिक शिक्षण घेतले होते. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास यांच्याकडे त्यांनी योगाचे धडे घेतले, आणि अमळनेरला शिकवत असतानाच त्यांना असे वाटू लागले, की योगक्रियांनी शरीरात जे घडते ते केवळ गुरूच्या शब्दावर न मानता यंत्राने मोजून पाहिले पाहिजे. हेच गुणे पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले.

त्यांचे पहिले प्रयोग बडोद्याच्या रुग्णालयात १९२०-२१ च्या सुमारास सुरू झाले आणि ते उड्डियान व नौली या दोन क्रियांवर होते. उड्डियान बंधात श्वास पूर्ण सोडून कंठ मिटतात आणि हवा आत न घेता छातीचा पिंजरा श्वास घेतल्यासारखा फुगवतात. त्यामुळे पडदा, म्हणजे छाती व पोट यांमधला स्नायू, वर ओढला जातो आणि पोट आत खोल जाते. कुवलयानंदांनी क्ष-किरणांनी हा पडदा वर सरकताना पाहिला आणि दाबमापक लावून नौलीत पोटाच्या पोकळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो हे नोंदवले, आणि त्या निर्वातस्थितीला गुरूंचे नाव दिले. ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना झाली, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले, आणि हे निष्कर्ष त्यात छापले गेले.

निद्रावैद्यकाच्या दृष्टीने या प्रयोगांकडे पाहिले, तर त्यांतली एक गोष्ट विलक्षण ठरते. मिटलेल्या श्वासमार्गाविरुद्ध छाती फुगवण्याचा प्रयत्न हेच अडथळ्याच्या ॲप्नियाचे यांत्रिक सार आहे. घसा बंद, आणि छाती मात्र ओढते आहे. झोपेच्या प्रयोगशाळेत अन्ननलिकेत बारीक नळी सोडून छातीतला हा ऋणदाब मोजला, की श्वास घशात अडला होता की मेंदूकडून निघालाच नव्हता याचा सर्वांत खात्रीचा निवाडा होतो: ओढ असेल तर अडथळा, ओढ नसेल तर सेंट्रल. अर्थात कुवलयानंदांना झोपेतील श्वासाचे निदान करायचे नव्हते आणि तसा दावा करणे अन्यायाचे होईल; पण बंद मार्ग आणि छातीची ओढ या जोडीकडे दाबाच्या आकड्यांतून पाहणे महाराष्ट्रात १९२४ मध्ये चालू होते, ही गोष्ट मराठी वैद्यकेतिहासात आजवर मिळाली त्याहून मोठी जागा मिळण्याच्या योग्यतेची आहे.

दुसरी गोष्ट प्राणायामाची. उज्जायी प्राणायामात कंठद्वार, म्हणजे स्वरयंत्रातील फट, अर्धवट मिटून श्वास घेतात आणि त्यामुळे घर्षणाचा हलका आवाज होतो; वरचा श्वासमार्ग जाणीवपूर्वक अरुंद करण्याचा हा प्रकार आहे. कैवल्यधामात १९३० च्या दशकाच्या आरंभी प्राणायामातील प्राणवायूचे ग्रहण आणि कर्बवायूचे उत्सर्जन मोजले गेले. प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा साठा वाढतो ही लोकप्रिय समजूत कुवलयानंदांनी या मोजमापांच्या आधारे बाजूला ठेवली, आणि एखादी आवडती समजूत स्वतःच्याच प्रयोगशाळेतील आकड्यांपुढे सोडून देण्याचा हा प्रामाणिकपणा मुद्दाम सांगण्यासारखा आहे. त्यांच्याकडे शिकून गेलेले येल विद्यापीठाचे के. टी. बेहनन यांनी १९३७ मधील आपल्या पुस्तकात उज्जायीच्या वेळी प्राणवायूचा खप सुमारे २४.५ टक्क्यांनी वाढल्याचे नोंदवले. अरुंद वाटेने श्वास घेणे हे कष्टाचे काम आहे आणि कर्बवायूची पातळी हे श्वासाचे खरे सुकाणू आहे, ही दोन्ही सूत्रे अशा रीतीने एकाच छताखाली हाताळली जात होती. जागेपणी माणूस ती आपल्या इच्छेने चालवतो, झोपेत मात्र ती इच्छेच्या हातून सुटतात, आणि तेथपर्यंत जायला आणखी तीन दशके लागली.

झोपलेल्या माणसाच्या मेंदूच्या लहरी, श्वास आणि हृदयाचे ठोके रात्रभर एकत्र नोंदवण्याचे तंत्र आल्यावर १९६५ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे गास्तो, तासिनारी आणि द्यूरों यांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीत युंग आणि कूलो यांनी, पिकविक विकाराच्या रुग्णांचा श्वास झोपेत वारंवार थांबतो हे प्रत्यक्ष पाहिले. त्याआधी १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील सेव्हरिंगहाउस आणि मिचेल यांनी मेंदूच्या देठावर किंवा मानेच्या मज्जारज्जूवर शस्त्रक्रिया झालेल्या तीन रुग्णांचे वर्णन केले होते, जे सांगितल्यावर श्वास घेत पण झोप लागली की श्वास घेण्याचे थांबत. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डच्या क्रिस्तियाँ गिल्मिनो यांनी स्लीप ॲप्निया ही संज्ञा रूढ केली. छाती आणि पोटाभोवती बांधलेले पट्टे, नाकापाशी हवेचा प्रवाह टिपणारा तंतू आणि बोटावर प्राणवायूचे प्रमाण मोजणारी चिमटी यांच्या नोंदीवरून ॲप्नियाचे तीन वर्ग पाडले जाऊ लागले: पट्टे हलत असून प्रवाह नसेल तर अडथळ्याचा, पट्टेच हलत नसतील तर सेंट्रल, आणि आधी पट्टे स्थिर व नंतर हलू लागूनही प्रवाह नसेल तर मिश्र. हा तिसरा वर्ग खरे तर सगळ्या कोड्याची किल्ली होता, कारण त्यात मेंदूचा खंड संपताच घसा बंद असलेला सापडत होता. पण तो दीर्घकाळ एक किरकोळ पोटप्रकार म्हणून राहिला.

उपचाराच्या बाजूने घशाचे पारडे जड झाले ते १९८१ मध्ये, जेव्हा सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावर मुखवटा लावून हवेचा सततचा दाब देणारे सीपॅप यंत्र ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. हा दाब घशाच्या भिंती आतून तोलून धरतो आणि अडथळा होऊच देत नाही. त्याचे यश इतके ठसठशीत होते, की ॲप्निया म्हणजे घसा, असे समीकरण जगभर झाले. मात्र त्याच सिडनीच्या गटातील इसा आणि सलिव्हन यांनी १९८६ मध्ये एक अडचणीचे निरीक्षण नोंदवले: सेंट्रल ॲप्नियाच्या काही रुग्णांना, ज्यांच्या मेंदूकडून आज्ञाच निघत नव्हती, घसा उघडा ठेवणाऱ्या याच दाबाने गुण आला. घशाला आधार दिल्याने मेंदू श्वास घेऊ लागत असेल, तर दोघांमध्ये काहीतरी संवाद आहे हे उघड होते. पाठीवर झोपल्यावर घशाच्या भिंती मिटतात आणि तेथील मज्जातंतूंकडून उलट संदेश जाऊन श्वासाची आज्ञा दबते, असे स्पष्टीकरण त्यांनी सुचवले.

निर्णायक प्रयोग अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन येथे झाला. तेथे स्कॅट्रड आणि डेम्प्सी यांनी १९८३ मध्येच दाखवले होते, की झोपेत कर्बवायूची एक उंबरठ्याची पातळी असते, जी नेहमीच्या पातळीपेक्षा पाऱ्याच्या जेमतेम काही मिलिमीटर खाली असते, आणि कर्बवायू तिच्याखाली गेला की श्वास थांबतो; जागेपणी हा उंबरठा इतका कडक नसतो, कारण जागेपणाचीच एक स्वतंत्र प्रेरणा श्वास चालू ठेवते. याच गटातील सफवान बद्र यांनी १९९५ मध्ये झोपलेल्या माणसांच्या नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घशापर्यंत सोडली आणि सेंट्रल ॲप्निया चालू असताना घशाचे काय होते ते डोळ्यांनी पाहिले. छाती ओढत नसताना, म्हणजे घसा आत खेचून घेणारा ऋणदाब अजिबात नसताना, तो उघडाच राहायला हवा, अशी तोवरची धारणा होती. प्रत्यक्षात बहुतेकांचा घसा सेंट्रल खंडात अरुंद होत गेला आणि काहींचा पूर्ण मिटला.

याचे कारण घशाच्या रचनेत आहे. नाकाला हाडे आहेत, स्वरयंत्राला आणि श्वासनलिकेला कूर्चा आहेत, पण पडजीभ आणि टाळूच्या मऊ भागापासून जिभेच्या मुळाखालपर्यंतचा घसा हा केवळ स्नायूंचा आहे, आणि त्याला उघडे ठेवणाऱ्या स्नायूंना, ज्यांत जीभ पुढे ओढणारा स्नायू प्रमुख आहे, श्वासाच्याच केंद्राकडून प्रत्येक श्वासागणिक आज्ञा मिळते. मेंदू गप्प झाला की पडदाही थांबतो आणि हा स्नायूही सैल पडतो. खानदेशात शेतात पाणी नेण्यासाठी जो चपटा लपेटा पाइप अंथरतात, तो मोटार बंद होताच कोणी न दाबता आपल्याच वजनाने सपाट होतो. आज्ञा थांबलेल्या घशाचे तसेच होते, आणि ओलसर भिंती एकदा चिकटल्या की त्या सुट्या करायला जास्त जोर लागतो. म्हणून मेंदू पुन्हा जागा होऊन छाती ओढू लागते तेव्हा तिला बंद दार भेटते, आणि सेंट्रल खंडाला अडथळ्याचे शेपूट जोडले जाते. मिश्र ॲप्नियाचे कोडे असे सुटले.

दार उघडण्यासाठी माणसाला क्षणभर जाग येते, ती त्याला सकाळी आठवतही नाही. त्या जागेपणात तो मोठमोठे श्वास घेतो, कर्बवायू भराभर बाहेर जातो, पुन्हा झोप लागताच त्याची पातळी उंबरठ्याखाली असते, आणि नवा सेंट्रल खंड सुरू होतो. त्या खंडात घसा पुन्हा मिटतो. अशा रीतीने अरुंद घसा मेंदूचा खंड घडवतो आणि मेंदूचा खंड घसा अरुंद करतो, आणि कर्बवायूतील फरकाला प्रतिसाद देण्यात ज्याचा मेंदू जास्त उतावळा, त्याच्यात हे चक्र जास्त जोराने फिरते. टोरांटोच्या युमिनो, ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हृदय दुबळे झालेल्या रुग्णांत आणखी एक दुवा दाखवला: दिवसा पायांत उतरलेले पाणी रात्री आडवे झाल्यावर वर सरकते, त्यातले काही मानेत साठून घसा आवळते आणि फुप्फुसांतला भार वाढल्याने श्वास जलद होऊन कर्बवायू घटतो, म्हणजे एकाच पाण्यातून दोन्ही प्रकारचे खंड उपजतात. डब्लिनच्या हृदयरोग्याचा श्वास आणि पिकविकच्या मुलाचे घोरणे, दीडशेहून अधिक वर्षांनी, एकाच मानेत येऊन भेटले.

महाराष्ट्रात या विकाराची पहिली मोठी मोजणी मुंबईला झाली. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकारी यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये प्रसिद्ध केले, की झोपेत श्वास बिघडण्याचे प्रमाण १९.५ टक्के आणि दिवसाच्या पेंगेसह असलेल्या अडथळ्याच्या विकाराचे प्रमाण ७.५ टक्के आहे. हे आकडे पाश्चात्त्य देशांच्या तोडीचे होते, आणि हा गोऱ्या, लठ्ठ माणसांचा रोग आहे हा भ्रम त्यांनी घालवला. ही माणसे मात्र मुंबईची होती, आणि शहरी पुरुषांचा आकडा शेतमजूर स्त्रीला लावता येत नाही.

पाचोऱ्याचे स्थान असे आहे, की हा प्रश्न तेथे अनेक वाटांनी येतो. मुंबई-भुसावळ मुख्य लोहमार्गावरील या गावी शेंदुर्णी, पहूर, जामनेरकडची माणसे २०२० पर्यंत पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर, या छोट्या गाडीने बाजाराला आणि दवाखान्याला येत. भुसावळ हे रेल्वेचे मोठे ठाणे असल्याने रात्रपाळी करणारे चालक आणि गार्ड या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, आणि ज्यांच्या दिवसाच्या पेंगेची किंमत इतरांनाही मोजावी लागू शकते अशा लोकांत त्यांची गणना होते. धुळ्याला १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि जळगावला २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, त्यामुळे हृदयाची आणि मेंदूची तपासणी आता जिल्ह्यातच होऊ शकते. याच काळात झोपण्याची रीत मात्र पालटली. धाब्यांच्या जागी स्लॅब आले, माणसे बंद खोल्यांत गेली, आणि कूलरच्या घरघरीत शेजारच्या खाटेवरचा श्वासही ऐकू येईनासा झाला. पूर्वी अडणारा श्वास तरी गल्लीला ऐकू येत असे. विरणारा श्वास तेव्हाही ऐकू येत नव्हता आणि आताही येत नाही.

या इतिहासाचा व्यवहारातला परिणाम गंभीर आहे. घोरणे नाही म्हणून ॲप्निया नाही, असा निष्कर्ष हृदयरोगी, पक्षाघात झालेला रुग्ण किंवा दीर्घकाळ अफूवर्गीय वेदनाशामके घेणारा माणूस यांच्या बाबतीत काढता येत नाही, कारण सेंट्रल खंड त्यांच्यातच अधिक आढळतात. घरी करायच्या तपासणीत केवळ बोटावरची चिमटी असेल, तर प्राणवायू किती वेळा घसरला एवढेच कळते. श्वास घशात अडला की मेंदूकडून निघालाच नाही, हे सांगायला छाती-पोटाचे पट्टे लागतात. उपचारातही फरक पडतो. सेंट्रल खंडांसाठी बनवलेले आणि प्रत्येक श्वासाला जुळवून दाब देणारे एएसव्ही यंत्र हृदयाची पंपशक्ती ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या १,३२५ रुग्णांवर तपासले गेले, तेव्हा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या सर्व्ह-एचएफ चाचणीत ॲप्निया घटले पण हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले. पुढच्या ॲडव्हेंट-एचएफ या चाचणीत, निराळ्या यंत्रावर, तशी हानी दिसली नाही, तरी अशा दुबळ्या हृदयाच्या रुग्णांत ते यंत्र सरसकट वापरण्याला तेव्हापासून लगाम बसला.

म्हणून पाचोरा तालुक्यातील ज्या घरात कोणाचे पाय संध्याकाळी सुजतात, ज्याला रात्री धाप लागून उठून बसावे लागते आणि दिवसा डुलकी आवरत नाही, त्या घरातील माणसांनी रात्री पंखा-कूलर थोडा वेळ बंद ठेवून त्याच्या छातीकडे पाहावे आणि जमल्यास मोबाइलवर त्याचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे. तपासणी झाल्यावर अहवालात अडथळ्याचे, सेंट्रल आणि मिश्र खंड किती, हे तीन आकडे वेगवेगळे मागून घ्यावेत, आणि सेंट्रल खंडांचा आकडा मोठा असेल तर कोणतेही यंत्र विकत घेण्यापूर्वी हृदयाचा इको करून पंपशक्ती किती आहे ते लिहून घ्यावे.